वर्दीच्या गुंड्या

अंबाजीनं हातातली पिशवी सावरून कडी वाजवली आणि वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. बाई, कारखाना बंद झाला. एवढंच सांगायचं होतं. मुशीराबादच्या नाक्यापासून या दारापर्यंत त्यानं ते वीसदा तरी म्हटलं होतं, आणि वीसही वेळा जमलं होतं.

कारखाना बंद होऊन खरं तर दहा महिने झाले होते. काल तो जागेवरूनही हलला. छाप मारायची यंत्रं बैलगाड्यांवर चढली आणि सिकंदराबादच्या मालधक्क्याकडे निघून गेली. छपराचे पत्रेही उतरवले. कुलूप होतं तोवर थापा चालून गेल्या, पण आता उघड्या भिंती आंधळ्यालाही कळल्या असत्या. पद्मावतीबाईंना दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपण सांगावं, असं त्यानं ठरवलं होतं.

मुशीराबादेत तेव्हा हाकेच्या अंतरावर चार-पाच कारखाने होते. गुंड्यांचा सगळ्यांत लहान. संस्थानच्या फौजेच्या वर्दीला लागणाऱ्या, राजमोहोर उठवलेल्या गुंड्या तिथं व्हायच्या. भोवतालच्या गल्ल्यांतल्या बायका त्या घरी बसून पुठ्ठ्यावर शिवत, एका पुठ्ठ्यावर डझन. दर गुरुवारी माल नेऊन द्यायचा आणि शिवलेले पुठ्ठे गोळा करायचे, हे अंबाजीचं काम. अशी सतरा घरं होती. बिदरकडची शेती सोडून आल्यापासून वीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नव्हतं.

मग अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर आला. चार दिवसांत संस्थान संपलं. फौज गेली, तशी गुंड्यांची मागणीही गेली, आणि दिवाळीनंतर कारखान्याला कुलूप लागलं. मुनीमजींनी जाता जाता पिशवीभर गुंड्या आणि थोडे पुठ्ठे अंबाजीच्या हातात दिले. जुन्या मोहोरेचा तो माल कुणालाच नको होता.

अंबाजीनं सोळा घरी जाऊन काम संपल्याचं सांगितलं. बायकांनी थोडी हळहळ केली, कुणी शिव्या घातल्या. सतराव्या घरी पद्मावतीबाईंनी आधी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "जेवलात का?" बायको गेल्यापासून सहा वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. तो पाणी प्यायला. आणि म्हणाला, "माल आणलाय, बाई. आता रविवारी येत जाईन."

त्या रविवारपासून हा उद्योग चालू होता. दिवसा तो लाकडाच्या अड्ड्यावर मजुरी करायचा. संध्याकाळी खोलीत बसून बाईंनी शिवलेल्या गुंड्या ब्लेडनं उसवायचा. रविवारी त्याच गुंड्या, तेच पुठ्ठे पुन्हा शिवायला न्यायचा आणि आधीच्या रविवारची शिवलेली पिशवी घेऊन यायचा. कुणी ऐकलं असतं तर वेड्यातच काढलं असतं. पण एकट्या बाईच्या दारात बिनकामाचा पुरुष उभा राहिला, की गल्लीची करमणूक होते. दारात उभं राहायला हातात पिशवी लागते.

पद्मावतीबाईही एकट्याच होत्या. यजमान सरकारी दप्तरात होते, ते वारले. सुलतान बाजारातले दीर दिवाळीला तोंड दाखवून जात. शेजारपाजारच्यांची झबली-पोलकी शिवून त्यांचं भागायचं. फौजच उरली नाही, मग या गुंड्या कुणाच्या वर्दीला, असं त्यांनी कधी विचारलं नाही. पुठ्ठे मऊ पडले तरी बोलल्या नाहीत. कारखान्याची म्हणून अंबाजी पदरची मजुरी द्यायचा, तीही दुसऱ्याच महिन्यापासून थांबवली. "राहू द्या कारखान्यातच, लागली की मागेन," म्हणाल्या. अंबाजीला वाटायचं, बाई फार भोळी आहे. अशा भोळ्या बाईला फसवतो म्हणून त्याचा जीव खायचा, आणि तरी रविवारी सकाळी तो स्वच्छ धुतलेला सदरा घालायचा.

दार उघडलं. नेहमीसारखा आधी तांब्या आला.

"जेवलात का?"

"हौ, जेवलो."

"मग असे परेशान का दिसता?"

"बाई, एक सांगायचं होतं. आपला तो कारखाना—"

"काल गाड्या इथूनच गेल्या की," पद्मावतीबाई म्हणाल्या. "मी खिडकीतच होते."

वीसदा घोटलेलं वाक्य तोंडातच राहिलं. अंबाजीनं मान खाली घातली. त्या आता विचारतील, की मग दहा महिने हा माल कुठनं येत होता? लाजेनं त्याचे कान तापले.

पण त्या आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. संपलं, असं अंबाजीला वाटलं. सोमवार ते शनिवार लाकडाच्या अड्ड्यावर निघून गेले असते. रविवारचं काय करायचं, हे त्याला सुचेना. आपण या शहरात कुणाचेच कुणी नाही, हे त्याला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. तांब्या उंबऱ्यावर ठेवून तो निघायला वळला.

"थांबा, पिशवी राहिली."

पद्मावतीबाईंनी शिवलेले पुठ्ठे पिशवीत नीट रचून आणले होते. पिशवी त्यांनी त्याच्या हातात दिली आणि त्याच्या हातातली नव्या मालाची पिशवी काढून घेतली. गल्लीत कुणी नाही, हे एकदा पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या,

"या खेपेपासून एकेरी दोरा घेते, अंबाजी. तुम्हाला उसवायला सोपं जाईल."