पोथीतल्या बायका

“नागड्या बायकांची पोथी, आणि जिनमंदिरात? कृष्णेत सोडा ती!” भाऊसो पंच कडाडले.

पोथी चौरंगावर उघडी होती. जुन्या पेटाऱ्यात सापडलेली, चार-पाचशे वर्षांची. अक्षर ना मोडी, ना हळेकन्नड; पंडितसुद्धा हात टेकून गेले होते. चित्रं मात्र कुणालाही दिसत होती. हिरव्या नळ्या, नळ्यांच्या तोंडाशी हौद, आणि हौदात कमरेइतक्या पाण्यात उभ्या उघड्या बायका.

गुणमाला ताडकन उठली. ती सांगलीच्या शाळेत अकरावीला, आणि जीवशास्त्रात वर्गात पहिली. ही चित्रं बघून बघून तिची झोप उडाली होती. पोथी नदीत जाणार म्हटल्यावर तिला गप्प बसवेना.

“आवं भाऊसोतात्या, त्या बायका न्हाईतच!”

“मग काय म्हशी हायत?”

सगळे हसले. तिनं दप्तरातून उसाचं कांडं काढलं, ब्लेडनं पातळ चकती कापली आणि दारातल्या उन्हात धरली.

“हे ठिपके बघा. एकेक ठिपका म्हणजे नळ्यांची जुडी. मुळाचं पाणी ह्यातनंच वर चढतं. आता चित्र बघा, तेच ठिपके, तशाच नळ्या! काढणाऱ्याला रस जिवंत दाखवायचा होता. रस जिवंत कसा काढणार? म्हणून बायका काढल्या.”

चकती हातोहात फिरली. हसणं थांबलं. शेवटी चकती शांतिनाथआण्णांकडं आली. ते गुणमालेचे आजोबा, आणि पंचांत सगळ्यात वडील. कंदात अनंत जीव असतात म्हणून त्यांनी जन्मात कांदा-बटाटा तोंडात घातला नव्हता. त्यांनी चकती डोळ्यांशी नेली.

“म्हंजे एवढ्याशा चकतीत इतके जीव उभे हायत?”

परीक्षेत तिनं असलं उत्तर कधीच लिहिलं नसतं. पण भाऊसोंचा हात पोथीवर होता.

“व्हय आण्णा. ठिपक्याठिपक्यात!”

“पोथी राहील,” आण्णा म्हणाले.

गुणमाला घरी चालत गेली नाही, उड्या मारत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांच्या फडात ऊसतोडीची टोळी उतरली. दुष्काळानंतरचा पहिलाच भरघोस ऊस. ह्या उसावर घराचं वर्ष होतं आणि गुणमालेचं कॉलेजही. ती बांधावर उभी राहून टोळीतल्या बायकांना पोथीची गोष्ट हातवारे करून सांगत होती. आकाराम मुकादम कोयता घेऊन पुढं आला.

“मालक, करू का सुरवात?”

“एवढे जीव उभे हायत...” आण्णा उसाकडं बघत पुटपुटले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

“मला नगं इचारू, आकाराम. पोथी हिला वाचता येतीया. हिला इचार.”