टाचेची हाक

"खऱ्या लाकडाचे लाड कोण पुरवणार? ही व्हिनाइलची फरशी पुसली की झालं," बायको म्हणाली. नव्या घराच्या जमिनीसाठी त्याचंही तेच ठरत आलं होतं. "आईलाही विचारतो," तो म्हणाला. आई दुकानातल्या त्याच फरशीच्या टोकाला पाठमोरी उभी होती. तिला अजिबात ऐकू येत नसे. जुन्या घरातल्या लाकडी जमिनीवर सगळे तिला टाच आपटूनच हाक मारत. त्याने सवयीने टाच आपटली. आई वळली नाही. त्याने पुन्हा जोरात आपटली. "आपटा साहेब, हवी तेवढी आपटा!" दुकानदार खुलला. "ही फरशी हूं की चूं करणार नाही." तेवढ्यात आई रमतगमत शेजारच्या लाकडी चौथऱ्यावर चढली. तोही मागोमाग चढला. त्याने टाच हलकेच आपटली. खिडकीकडे तोंड करून उभी असलेली आई गर्रकन वळली. "अरे, आले की! एवढा ओरडतोस कशाला?"