फुटवे
वैद्यकीय शब्दांना मराठी प्रतिशब्द घडवणाऱ्या कोशकाराची एक जुनी खोड होती. नवा शब्द आधी विणत बसलेल्या बायकोच्या कानावर घालायचा. सुया थांबवून तिने "म्हणजे काय?" विचारलं, तर शब्द बाद, सुया चालत राहिल्या, तर पास. "रोग्याला कळत नाही तो शब्द कसला?" तो समितीत तावातावाने भांडायचा. कॅन्सरची गाठ अंगात दुसरीकडेही उगवते, त्याला ग्रीकांनी स्थलांतर म्हटलं, जर्मनांनी लेकगाठ. याने हट्टाने साधा शब्द रुजवला, फुटवे. आज दवाखान्यात बायको नातीचा स्वेटर विणत होती. तिचे रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई हळुवारपणे म्हणाल्या, "काकू, गाठीला फुटवे आलेत. यकृतात." कोशकाराने जन्मात पहिल्यांदा देवाला विनवलं, सुया थांबू देत, हिला कळू नये. सुया चालतच राहिल्या. टाके मोजता मोजता ती म्हणाली, "अहो, हा शब्द पास."