हाताची घडी

रुबीना मुजावर चाळिशीला आली होती, तरी शाळेतल्या दाभाडेबाईंच्या समोर खुर्चीच्या कडेवरच टेकली. ती भरभरून बोलत होती आणि बाईंना नुसते हलणारे ओठ दिसत होते. तिचं बोलणं मोबाइलवर अक्षरांत उमटत होतं. पण ते वाचायला मान खाली घातली की समोरचा चेहरा हरवायचा.

बहिऱ्या कानात रुजवलं की ऐकू येऊ लागणारं श्रवणबीज निघालं तेव्हा बाई कर्णबधिर शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. कानात बीज रुजलेलं मूल हातांनीच बोलत राहिलं, तर ऐकायला शिकणार कधी? म्हणून त्या वर्गावर्गात दरडावायच्या, "हाताची घडी! तोंडाने बोला!" बाकीच्या शाळांनीही तोच कित्ता गिरवला. मुलं घडाघडा बोलू लागली आणि खुणांची भाषा कुणाच्याच हातात उरली नाही. आता बाईंचेच कान गेले होते, आणि म्हाताऱ्या कानात बीज काही रुजत नाही.

बाईंनी मोबाइल पालथा घातला आणि हातांनी विचारलं, "मुलं कशी आहेत?"

रुबीनाने ओशाळून मान हलवली.

"एकही खूण आठवत नाही?" बाई आता तोंडाने बोलल्या. "प्रत्येक शिक्षकाचं तुम्ही खुणेचं नाव पाडायचात. गणिताच्या सरांची मिशी होती. माझं काय होतं गं?"

रुबीनाचा चेहरा उजळला. तेवढं तिला आठवत होतं. तिने ताठ बसून दोन्ही हातांची छातीशी घट्ट घडी घातली.

ते हात सुटतील, पुढची खूण येईल, म्हणून बाई बघत राहिल्या. पण नाव तेवढंच होतं.