मी घेईन कडेवर

थीम पार्कच्या दारात तिने लेकीसाठी भाड्याची बाबागाडी मागितली. नवऱ्याने उडवून लावलं. "चार वर्षांची घोडी झालीय! दमली तर मी घेईन कडेवर." सासूबाईंनी री ओढली, "आमची पोरं नाही का चालली?" तिने राग गिळला. अकराच्या उन्हात लेकीने रस्त्यातच बसकण मारली. "आलोच," म्हणत नवरा रोलर कोस्टरच्या रांगेत शिरला, तो तासाभराने उगवला. तोवर झोपलेल्या लेकीला पेलून तिच्या हातांना मुंग्या आल्या होत्या. "अजून एक चक्कर मारून येतो," म्हणाला. तिने लेक त्याच्या हातांत कोंबली आणि स्वतः रांग धरली. "अगं, हिला मी किती वेळ धरू?" ती वळलीच नाही. गाडी उंचावरून सुटताच सगळे किंचाळले. तिच्या शिव्या शेजारच्या बाईलाच तेवढ्या ऐकू आल्या. त्या बाईनेही मग आपल्या दोन हासडल्या.