कोणाचीही हरकत नाही

ताईंनी वाफेच्या बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

"दाबा की," मागून साहेब म्हणाले.

साहेब कागद कारखान्यात नवे होते. लगदा शिजवायची मोठी टाकी सफाईसाठी बंद होती, आणि तिच्यापायी पुढचं सगळं काम खोळंबलं होतं. वरून फोनवर फोन येत होते. टाकीबद्दल सगळ्यांनी एकमेकांना लिहिलेले ढीगभर मेल वाचत बसायला साहेबांना सवड नव्हती. त्यांच्या मोबाइलमध्ये नवी सोय होती, ती सगळ्या मेलांचा आपोआप सारांश काढून द्यायची. तो त्यांनी ताईंना पुन्हा एकदा वाचून दाखवला. सफाई पूर्ण झाली आहे. टाकी तपासली आहे. वाफ सोडायला कोणाचीही हरकत नाही.

"नानांचीसुद्धा?" ताईंनी विचारलं.

नाना म्हणजे टाकीत उतरणारे जुने फिटर. पाठीमागे त्यांना सगळे हरकतनाना म्हणायचे. पंखा मोठा केला तरी त्यांची हरकत, बारीक केला तरी हरकत. स्वतःच्या पगारवाढीच्या पत्रातही त्यांनी तारीख चुकल्याची हरकत घेतली होती. हा माणूस एका झटक्यात कबूल झाला, हे ताईंना खरं वाटेना.

साहेब हसले. नानांनाही कधीतरी पटू शकतं, म्हणाले.

ताईंची नजर भिंतीवरच्या खिळ्यांकडे गेली. पूर्वी टाकीत उतरणारा माणूस आपला पितळी बिल्ला तिथे अडकवून जायचा. बिल्ला दिसतोय तोवर वाफ नाही, इतका सरळ मामला. साहेबांनी आल्या आल्या ते बंद केलं. बिल्ले हरवतात, सगळं मेलवर असू द्या, असं त्यांचं म्हणणं. आता नुसते खिळे होते. टाकी रिकामी असो वा आत माणूस असो, ते असेच दिसणार होते.

बोट काढून घेत त्या म्हणाल्या, मी एकदा मूळ मेल बघते. साहेबांचा आवाज चढला. तुमच्या शंकाकुशंकांपायी आज माझी नोकरी जाईल, म्हणाले, आणि माझ्याआधी तुमची. ताईंना नोकरीची गरज होती आणि साहेबांची भीतीही वाटत होती. तरी त्यांनी कॉम्प्युटर पुढे ओढला.

बरेचसे मेल नुसतेच ओके होते. माझ्याकडून ओके, माझ्याकडूनही ओके. मग नानांचा मेल सापडला, आजच सकाळचा. उघडला तर आत एक अक्षर नाही, कोरा.

"बघा," साहेब म्हणाले. "त्यांना काही म्हणायचंच नाहीये. दाबा आता."

ताईंनी बटणाकडे पाहिलंही नाही. काही म्हणायचं नसेल तर नाना मेल कशाला पाठवतील? आणि मग त्यांना नानांची खोड आठवली. नाना स्वतःचं म्हणून वेगळं कधी लिहायचेच नाहीत. दुसऱ्याच्या मेलमध्ये ज्या वाक्याचा राग आला, बरोबर त्याच्या खाली लाल अक्षरांत उत्तर खरडायचे, मास्तर वही तपासतात तसं. त्यावरून त्यांनी किती बोलणी खाल्ली असतील. पण उत्तरात आधीच्या मेलचा तो जुना मजकूर कोऱ्या जागेखाली तीन ठिपक्यांमागे मिटलेला असतो. सारांश काढणाऱ्या सोयीने तो आधीच वाचलेला समजून सोडून दिला असणार.

ताईंनी ठिपक्यांवर क्लिक केलं. मजकूर उलगडला. 'सफाई पूर्ण झाली आहे' या कोणाच्या तरी वाक्याखाली लाल अक्षरं होती.

'कुठे झाली? तळाला थर तसाच आहे. मी आणि पंपवाला परत उतरतोय. माझा फोन आल्याशिवाय वाफ सोडाल तर खबरदार.'

ताईंनी स्क्रीन साहेबांकडे वळवला. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी नानांना फोन लावला, पण लोखंडी टाकीत रेंज कुठली. साहेब धावत सुटले.

आता घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं. बटण दाबलंच नव्हतं, तर आत कोणाला काय होणार? तरी ताईंनी आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण काढून त्या बटणावर उपडं घातलं आणि ते दोन्ही हातांनी धरून बसल्या. नानांचा फोन येईपर्यंत ते सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

मग फोन वाजला. टाकीच्या तोंडाशी येऊन नाना बोलत होते. काम अर्धवट असताना मला वर ओढायचं कारण काय, म्हणून ते तणतणत होते. ताईंना हसू फुटलं, आणि पाठोपाठ रडू कोसळलं. रडतच त्यांनी नानांना विचारलं, पंपवालाही वर आलाय ना? आलाय की, नाना म्हणाले, पण माझी हरकत आहे.

साहेब परत आले तेव्हा त्यांचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. ते खुर्चीत बसले आणि हातातल्या मोबाइलकडे बघत राहिले. आता आपल्याला बोलणी बसणार, असं ताईंना वाटलं.

"ताई," साहेब हळू आवाजात म्हणाले, "मी इथे आल्यापासून सगळंच असं सारांशात वाचतोय."

"सगळं म्हणजे?"

"लिफ्टचं वाचलं. काल क्रेनचं वाचलं. त्यातही कोणाचीच हरकत नव्हती."

ताईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. आवारात क्रेनने कागदाचं भलंमोठं रीळ वर उचललं होतं, आणि सुटी झालेली माणसं गप्पा मारत त्याच्या खालून जेवायला निघाली होती.