नवीन जनावर : एक

गाडी गोठ्याच्या दाराशी लागली, फळी टाकली, तरी परकी जागची हलेना. चारही पाय रोवून उभी. मालकिणीच्या दिराने कासरा ओढला, मागून ढकललं, दोन शिव्याही हासडल्या. परकीने फक्त कान हलवले.

"वहिनी, ही काय आपलं ऐकायची नाही. मावशीला आणा," दीर घाम पुसत म्हणाला.

या गोठ्याची ती रीतच होती. एखादी गाय बिचकली की मावशीला पुढे करायचं. ती आधी फळीवर चढायची, वर जाऊन मागे वळून पाहायची, आणि भेदरलेली गाय मुकाट तिच्यामागे चढायची. लस टोचायची असो की खुरं कापायची, पहिला नंबर मावशीचा. एखादी गाभण गाय अस्वस्थ झाली की तिच्याशेजारी मावशीला बांधायचं. मावशी तिचं तोंड चाटत राहायची आणि गाय निवांत व्हायची. तीन वर्षांची झाली तरी तिला स्वतःचं वासरू नव्हतं, म्हणून मावशी. तब्येत मात्र अशी, की पाहुणे आधी तिच्याकडेच बघत.

परकीचं सगळंच उलटं. वर्षापूर्वी ती विकत आणली. पहिल्याच दिवशी तिने शिंगं उगारली, म्हणून तिला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकटीला बांधलं. दोन महिन्यांत गोठ्यातली एक गाय गाभडली. मग दुसरी. करता करता अठरा गायींतल्या पाच गायींची वासरं दिवस भरण्याआधीच गेली. पाचवं मालकिणीने स्वतः उचललं. ते एवढंसं होतं, की तिच्या ओंजळीत मावलं. असंच चाललं असतं तर वर्षभरात गोठ्याला कुलूप लावावं लागलं असतं, आणि घरात दुसरी कमाई नव्हती.

"ही आली आणि सुरू झालं," दीर म्हणायचा. डॉक्टर सगळ्या गायींचं रक्त तपासायला घेऊन गेले होते, पण त्याला कुठला धीर! त्याने परकीला गिऱ्हाईक गाठलंसुद्धा.

मालकिणीने मावशीचं दावं सोडलं. "चल गं बाई. तुझ्याशिवाय इथलं पान हलत नाही." मावशी डुलत निघाली. परकी दहा पावलांवर राहिली असेल, तेवढ्यात डॉक्टरांची स्कूटर आवारात शिरली.

"थांबा! तिला लांब घ्या!"

"लांबच तर पाठवतोय, डॉक्टर," दीर परकीकडे बोट दाखवत म्हणाला.

"ती नाही हो. ही."

मालकीण हसलीच. "मावशी? अहो, तुमच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून पुन्हा तपासलं."

"हिला काय झालंय? एक दिवसही वैरण टाकली नाही हिने."

"काहीच झालेलं नाही. तेच तर सांगतोय." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "बाकीच्यांच्या रक्तात एका विषाणूशी झगडल्याची खूण आहे. त्यांनी त्याला हुसकावलं, पोटातली वासरं तेवढी वाचली नाहीत. हिच्या रक्तात विषाणू खच्चून भरलाय आणि झगडल्याची खूण एकही नाही. ही पोटात असताना हिची आई आजारी पडली होती?"

मालकिणीला आठवलं. "तिसऱ्या महिन्यात. दोन दिवस ताप होता. आम्ही म्हटलं, हवा बदलली."

"तेवढ्या लहान जिवाला आपलं काय आणि परकं काय, हे अजून कळत नसतं. तेव्हा विषाणू आत शिरला, आणि हिच्या शरीराने त्याला घरचाच धरला. जन्मभरासाठी. हिच्या लाळेत तो आहे, श्वासात आहे."

मालकिणीला खरं तर भीती वाटायला हवी होती. पण ती थक्क होऊन बघत राहिली. डोळ्यांना न दिसणारी ती गोष्ट तीन वर्षं या तुकतुकीत अंगात नांदत होती. खोकला नाही, ताप नाही, तक्रार नाही. आणि प्रत्येक मायेच्या चाटण्याबरोबर ती पुढच्या गाईकडे जात होती.

डॉक्टरांनी पिशवीतून रक्त नेताना भरून घेतलेला कागद काढला. 'वर्षभरात गोठ्यात आलेली नवीन जनावरं?' पुढे मालकिणीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'एक.'

खरं तर दोन होती. आई गेल्यावर मावशीला तिने स्वयंपाकघराच्या ओसरीवर बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. मोठ्या गोठ्यात मावशी आली ती गेल्याच वर्षी, परकी आली त्याच आठवड्यात. पण तिला नवीन कोण म्हणणार? ती तर घरची.

"आणि परकी?" दिराने विचारलं.

"एकदम साफ. पोटातलं वासरूही ठीक आहे. तुम्ही तिला वाळीत टाकलंत, म्हणून वाचली." डॉक्टर मालकिणीकडे वळले. "मावशीला विकू नका, ताई. जिथे जाईल तो गोठा बसेल. आलेली गाडी आहे, तिच्यातूनच आमच्या दवाखान्यात पाठवा. आजच. पुढचं मी बघतो."

"पुढचं म्हणजे?"

डॉक्टर चष्मा पुसायला लागले.

मालकिणीने मावशीच्या गळ्यात हात टाकला आणि ती सगळ्यांसमोर रडली. मावशीने तिचं मनगट चाटलं. दिराने परकीला मागे नेलं, पण मावशीच्या दाव्याला हात लावायला कुणीच पुढे येईना.

त्याची गरजही पडली नाही. मावशीने गाडी पाहिली, टाकलेली फळी पाहिली. तिला आपलं काम ठाऊक होतं. ती आपणहून वर चढली, नेहमीसारखी वळली, आणि मागून कोण घाबरलेलं येतंय त्याची वाट पाहत उभी राहिली.